शिजवलेल्या मांसाचे वनस्पतिजन्य परिरक्षण

शिजवलेल्या मांसाचे वनस्पतिजन्य परिरक्षण म्हणजे शिजवलेले, भाजलेले किंवा तळलेले मांस साठवणीच्या काळात खवट होऊ नये, त्याचा रंग व स्वाद टिकून राहावा आणि त्यातील सूक्ष्मजंतूंची वाढ मंदावावी यासाठी मसाले, पाने, फळांच्या साली, आंबट फळे, व्हिनेगर आणि वनस्पतींचे अर्क यांचा केला जाणारा वापर. घरगुती स्वयंपाकात ही पद्धत फार जुनी आहे. अन्नविज्ञानाने तिचा पद्धतशीर अभ्यास मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच केला. आज मांसप्रक्रिया उद्योगात कृत्रिम प्रतिऑक्सिडीकारकांना पर्याय म्हणून रोझमेरी, हिरवा चहा, द्राक्षाच्या बिया, डाळिंबाची साल इत्यादींचे अर्क वापरले किंवा तपासले जातात. या विषयात दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. मांस खवट न होणे ही एक गोष्ट आणि ते खाण्यास सुरक्षित असणे ही दुसरी. वनस्पतिजन्य घटक पहिले काम बऱ्यापैकी करतात, दुसरे काम ते एकट्याने करू शकत नाहीत.

शिजवलेले मांस का बिघडते

कच्च्या मांसापेक्षा शिजवलेले मांस अधिक टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. सूक्ष्मजंतूंपुरता तो काही अंशी खरा आहे, परंतु खवटपणाच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट असते. स्नायूंच्या पेशीपटलांत फॉस्फोलिपिडे असतात व त्यांत बहु-असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असते. ही मेदाम्ले ऑक्सिजनच्या संपर्कात लवकर बिघडतात. कच्च्या मांसात या क्रियेला आवर घालणारी काही विकरे (एन्झाइमे) कार्यरत असतात. मांस शिजताना ती नष्ट होतात, पेशीपटले फाटतात आणि मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनातील लोह मोकळे होऊ लागते. हे मोकळे लोह मेदाच्या ऑक्सिडीभवनाला उत्प्रेरकाप्रमाणे वेग देते. मांसाचा खिमा केलेला असेल तर त्यात हवा मिसळलेली असते आणि मीठ घातलेले असेल तर क्रिया आणखी वेगाने होते. मीठ सूक्ष्मजंतूंना रोखते आणि खवटपणाला मात्र चालना देते. परिरक्षणाच्या क्षेत्रातील ही एक विसंगती आहे.

याचा परिणाम म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या शिजवलेल्या मांसाला एक-दोन दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, एक विशिष्ट शिळा वास येऊ लागतो. मांस पुन्हा गरम केल्यावर तो अधिक जाणवतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा जुन्या तेलासारखा असे त्याचे वर्णन केले जाते. टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ साली शिजवलेल्या मांसावरील फॉस्फेटांच्या परिणामाविषयीच्या आपल्या लेखात या दोषाला जे इंग्रजी नाव दिले, त्याचा अर्थ ‘पुन्हा गरम केल्याची चव’ असा होतो. या वासामागे हेक्झानालसारखी अल्डिहाइडे प्रामुख्याने असतात. ज्या मांसात असंतृप्त मेदाचे प्रमाण जास्त त्यात दोष लवकर उद्भवतो. त्यामुळे मासे, टर्की व कोंबडी यांच्या बाबतीत तो ठळकपणे जाणवतो.

दुसरी क्रिया सूक्ष्मजंतूंची. नीट शिजवल्यावर मांसातील बहुतेक सक्रिय जीवाणू मरतात. परंतु क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम आणि बॅसिलस सिरियस यांसारख्या जीवाणूंचे बीजाणू उकळत्या रश्शातही तग धरतात. इतकेच नव्हे, तर शिजवण्याच्या उष्णतेने हे बीजाणू जणू जागे होतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर जंतू आधीच नाहीसे झालेले असल्याने मांस कोमट असताना त्यांना वाढीस मोकळे रान मिळते. पर्फ्रिंजेन्स हा जीवाणू ४३ ते ४७ अंश सेल्सियस तापमानाच्या आसपास अनुकूल स्थितीत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. लग्नाच्या किंवा जत्रेच्या जेवणातील मोठ्या पातेल्यात मटण रात्रभर तसेच राहिले की त्याच्या मधल्या भागाचे तापमान तासन्‌तास याच पट्ट्यात रेंगाळते. तिसरा धोका शिजवल्यानंतर बाहेरून येणाऱ्या जंतूंचा, म्हणजे हात, सुरी, पाट, कापण्याची यंत्रे यांच्यावाटे होणाऱ्या दूषिततेचा. यांत लिस्टेरिया मोनोसायटोजिन्स हा जीवाणू विशेष घातक आहे, कारण तो फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७–१८ मध्ये पोलोनी नावाच्या शिजवलेल्या, तयार मांसपदार्थातून पसरलेल्या लिस्टेरियाच्या साथीत एक हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले.

वनस्पतिजन्य घटक कसे काम करतात

वनस्पतींतील फिनॉलयुक्त संयुगे हा या पद्धतीचा गाभा आहे. मेदाच्या ऑक्सिडीभवनात मुक्त मूलकांची साखळी तयार होते आणि एक बिघडलेला रेणू दुसऱ्याला बिघडवतो. फिनॉलयुक्त संयुग आपला हायड्रोजन अणू देऊन ही साखळी तोडते व स्वतः तुलनेने स्थिर राहते. काही संयुगे लोहासारख्या धातूंना आपल्याशी बांधून ठेवतात आणि उत्प्रेरकच निष्प्रभ करतात. आंबट फळांतील सायट्रिक आम्लाचा यात वाटा असतो.

संयुग पाण्यात विरघळते की मेदात, यावरही बरेच अवलंबून असते. रोझमेरीतील कार्नोसिक आम्ल मेदात विरघळते, तर त्याच वनस्पतीतील रोझमरिनिक आम्ल पाण्यात. घटक केव्हा घातला जातो, हाही कळीचा मुद्दा आहे. ऑक्सिडीभवनाची सुरुवात शिजवतानाच होत असल्यामुळे मसाला किंवा अर्क शिजवण्यापूर्वी मांसात नीट मिसळलेला असेल तर तो अधिक उपयोगी पडतो. तयार पदार्थावर वरून भुरभुरवलेल्या मसाल्याने चव येते, परिरक्षण फारसे होत नाही. मांसाला आले-लसूण, हळद व इतर वाटण लावून ते मुरवत ठेवण्याची भारतीय स्वयंपाकातील रीत या दृष्टीने योग्य क्रमाची ठरते, मग तिचा मूळ हेतू चवीचा असो वा मांस मऊ करण्याचा.

सूक्ष्मजंतूंवरील परिणाम मुख्यतः बाष्पनशील तेलांमुळे होतो. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, ओव्यातील व थाइममधील थायमॉल आणि ओरेगॅनोतील कार्व्हॅक्रॉल ही संयुगे जीवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतात. मोहरीचा तिखट झणका ज्यामुळे येतो ते अलाइल आयसोथायोसायनेट वायुरूपातही परिणामकारक असते, म्हणून त्याचा वापर वेष्टनात करण्याचे प्रयोग झाले आहेत. लसणातील ॲलिसिन जीवाणूंच्या विकरांमधील गंधकयुक्त गटांवर आघात करते.

संशोधनाचा इतिहास

चिपॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ३२ मसाल्यांची डुकराच्या चरबीत चाचणी घेतली. तीत रोझमेरी आणि सेज या दोन भूमध्य सागरी प्रदेशातील वनस्पती सर्वांत प्रभावी ठरल्या. त्या काळात बीएचए आणि बीएचटी ही कृत्रिम संयुगे स्वस्त, गंधहीन आणि वापरण्यास सोपी असल्याने उद्योगाने त्यांनाच पसंती दिली. मसाल्यांविषयीचे निष्कर्ष त्यामुळे काही काळ प्रयोगशाळेपुरतेच राहिले. चँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये रोझमेरी व सेजपासून गंध व चव बरीचशी काढून टाकलेला अर्क तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि मुख्य अडचण दूर होण्याची वाट दिसली. मांसाला औषधी पानांचा उग्र वास न येता त्या पानांचा उपयोग करता येणे हीच ती अडचण होती. कृत्रिम पदार्थांविषयी ग्राहकांच्या मनात शंका वाढू लागल्यावर अशा अर्कांना बाजारपेठ मिळाली. युरोपीय महासंघाने २०१० साली रोझमेरीच्या अर्कांना ‘ई ३९२’ या क्रमांकाने खाद्यमिश्रक म्हणून मान्यता दिली. एखाद्या स्वयंपाकघरातील वनस्पतीचे खाद्यमिश्रकांच्या यादीत असे रूपांतर होणे हे या क्षेत्राच्या वाटचालीचे वैशिष्ट्यपूर्ण उदाहरण आहे.

खवटपणा मोजण्यासाठी बहुधा थायोबार्बिट्युरिक आम्ल चाचणी वापरली जाते. मेद बिघडताना तयार होणारे मॅलॉनडायल्डिहाइड या आम्लाशी संयोग पावून गुलाबी रंग देते व त्या रंगाची तीव्रता मोजली जाते. टार्लाड्गिस व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये सुचवलेली ऊर्ध्वपातनाची पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. या चाचणीचा दोष असा की इतर काही पदार्थही तसाच रंग देतात. त्यामुळे आकड्यांच्या जोडीला चव घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचे मत घेणे आवश्यक मानले जाते.

भारतात हैदराबाद येथील राष्ट्रीय मांस संशोधन केंद्र आणि उत्तर प्रदेशातील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्था यांनी या विषयावर उल्लेखनीय काम केले आहे. हैदराबादच्या केंद्रातील संशोधकांनी २००८ साली शिजवलेल्या कोंबडीच्या पॅटींमध्ये डाळिंबाचा रस, डाळिंबाच्या सालीच्या पुडीचा अर्क आणि बीएचटी यांची तुलना केली. तीत सालीचा अर्क खवटपणा रोखण्यात बीएचटीपेक्षाही सरस ठरला. मखदूमच्या संस्थेत बकऱ्याच्या मांसावर कढीपत्त्याची पूड आणि शेवग्याच्या पानांचा अर्क यांचे प्रयोग झाले व दोहोंचा प्रतिऑक्सिडीकारक परिणाम दिसून आला.

काही महत्त्वाच्या वनस्पती

डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी एलॅजिटॅनिन गटातील संयुगे विपुल असतात. फळाच्या खाद्य दाण्यांपेक्षा टाकून दिल्या जाणाऱ्या सालीत ती अधिक आढळतात. महाराष्ट्र हे भारतातील सर्वांत मोठे डाळिंब उत्पादक राज्य असून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूर येथे आहे. रस काढणाऱ्या प्रक्रिया केंद्रांत उरणाऱ्या सालींचा प्रश्न आणि मांस टिकवण्याची गरज या दोन गोष्टी येथे एकत्र येऊ शकतात. सालीचा तुरटपणा व रंग ही या मार्गातील अडचण आहे. हीच अडचण द्राक्षाच्या बियांच्या अर्काबाबतही येते. त्यातील प्रोॲन्थोसायनिडिने प्रभावी असली तरी प्रमाण वाढताच मांस तांबूस-करडे दिसू लागते.

लवंग आणि दालचिनी या दोन मसाल्यांत प्रतिऑक्सिडीकारक व जंतुरोधक असे दोन्ही गुण एकवटलेले आहेत. गरम मसाल्यात त्यांचे प्रमाण इतर घटकांच्या मानाने कमी ठेवावे लागते, कारण थोडी जास्त झालेली लवंग पदार्थाची चव बिघडवते. ओव्याचे बाष्पनशील तेल थायमॉलने समृद्ध असते आणि भारतात ते सहज उपलब्ध आहे. तरीही मांसाच्या पदार्थांत ओव्याचा वापर मर्यादितच आहे, तो मुख्यतः माशांच्या तळणीत आणि पिठात दिसतो.

लसणाची ख्याती मोठी आहे, पण ती थोडी तपासून पाहावी लागते. अखंड पाकळीत ॲलिसिन नसते. पाकळी ठेचली की त्यातील ॲलिनेज हे विकर ॲलिइन या संयुगावर क्रिया करते आणि ॲलिसिन तयार होते. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये ते वेगळे केले. उष्णतेने हे विकर निकामी होते. त्यामुळे अखंड पाकळ्या तेलात टाकून शिजवलेल्या मांसात ॲलिसिनचा जंतुरोधक परिणाम गृहीत धरता येत नाही. शिजल्यानंतर उरणारी गंधकयुक्त संयुगे मुख्यतः चवीचे व काही प्रमाणात प्रतिऑक्सिडीकारक काम करतात.

आल्यातील जिंजेरॉल व शोगाओल ही संयुगे मेदाचे रक्षण करतात. त्याशिवाय आल्यात प्रथिनांचे विघटन करणारे झिंजिबेन हे विकर असते, त्यामुळे निबर मांस मऊ होते. हळदीतील कर्क्युमिन प्रतिऑक्सिडीकारक असले तरी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलाच्या फोडणीत हळद घालण्याने ते मेदात पसरते. कढीपत्त्यात कार्बाझोल गटातील अल्कलॉइडे आढळतात. त्याची वाळलेली पूड प्रयोगांत वापरली गेली आहे, मात्र फोडणीतील चार पानांची तुलना तिच्याशी होऊ शकत नाही.

कोकमाच्या फळाच्या सालीत गार्सिनॉल, हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आणि लाल रंगाची अँथोसायनिने असतात. कोकणात माशांच्या कालवणात आमसुलाचा वापर सर्वत्र होतो. आंबटपणाबरोबरच माशाचा वास कमी होणे हा त्यामागचा प्रत्यक्ष अनुभव आहे. माशाच्या वासाला कारण असलेली ट्रायमिथिल अमाइनसारखी अल्कधर्मी संयुगे आम्लाशी संयोग पावून कमी बाष्पनशील होतात. चिंच, कैरी व लिंबू यांनीही हेच घडते. वास कमी झाला म्हणजे मासा ताजा झाला, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

आम्ल, तेल आणि पाणी : पारंपरिक पदार्थ

जगभरातील जे मांसाहारी पदार्थ ‘टिकणारे’ म्हणून ओळखले जातात, त्यांच्याकडे बारकाईने पाहिल्यास मसाल्यांपेक्षा आम्ल, मीठ आणि पाण्याचा अभाव हे तीन घटक अधिक काम करताना दिसतात. गोव्यातील सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ याचे चांगले उदाहरण आहे. मांस आधी उकडून, बारीक तुकडे करून परतले जाते आणि नंतर मिरची, लसूण व इतर मसाल्यांच्या वाटणात माडाच्या ताडीपासून बनवलेल्या व्हिनेगरसह शिजवले जाते. हा पदार्थ केल्या दिवशी न खाता पुढे काही दिवस रोज गरम करून मुरवण्याची प्रथा आहे. विंदालू हा त्याच परंपरेतील पदार्थ असून त्याचे नाव मद्य व लसूण यांत मुरवलेल्या मांसाच्या पोर्तुगीज पदार्थावरून आले आहे. गोव्यात मद्याची जागा ताडीच्या व्हिनेगरने घेतली. नावातील ‘आलू’ या ध्वनीमुळे भारतात अन्यत्र त्यात बटाटा घातला जातो, तो मूळ पदार्थात नव्हता. फिलिपिन्समधील आदोबो या पदार्थातही व्हिनेगर, लसूण व मिरी यांच्यात मांस शिजवले जाते.

ॲसिटिक आम्लाचा परिणाम मोजण्यासाठी सामू (पीएच) पाहावा लागतो. कत्तलीनंतर मांसाचा सामू साधारण ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. बोट्युलिनमच्या बीजाणूंची वाढ रोखण्यासाठी तो ४.६ किंवा त्याहून कमी असावा लागतो आणि तोही तुकड्याच्या मध्यापर्यंत. रश्शात घातलेली चार आमसुले किंवा वरून पिळलेले अर्धे लिंबू यांनी ही पातळी गाठली जाते, असे मानण्यास आधार नाही. मांसातील प्रथिने आम्ल शोषून सामूतील बदलाला विरोध करतात, त्यामुळे रस्सा आंबट लागत असला तरी आतील मांस तितके आंबट नसते.

पाणी काढून टाकण्याचे उत्तम उदाहरण इंडोनेशियातील पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ लोकांचे रेंडांग. बीफ नारळाच्या दुधात, गलांगल, गवती चहा, हळदीची पाने व मिरच्यांसह कित्येक तास आटवले जाते. पाणी उडून गेल्यावर ते नारळाच्या तेलातच परतले जाते आणि गडद, कोरडे होते. प्रवासात सोबत नेण्याचा पदार्थ म्हणून त्याची ख्याती आहे. नारळाचे तेल बहुतांशी संतृप्त असल्याने ते स्वतः सहज खवट होत नाही, हाही एक लाभ. महाराष्ट्रातील सुक्या मटणात पाणी इतके आटवले जात नाही. ‘सुके’ हा शब्द तेथे रश्शाच्या अभावाचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे.

मांसाची व कोळंबीची लोणची ही या सर्वांत जोखमीची बाजू आहे. लोणच्यात तेलाचा थर हवा अडवतो, त्यामुळे बुरशी आणि खवटपणा दोन्ही रोखले जातात. परंतु तेल जंतू मारत नाही. उलट ऑक्सिजनरहित वातावरणातच बोट्युलिनमचा जीवाणू वाढतो आणि त्याचे विष अतिशय घातक असते. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८५ साली तेलात ठेवलेल्या बारीक चिरलेल्या लसणाच्या बाटलीमुळे एका उपाहारगृहातील ३६ जणांना बोट्युलिझम झाला. १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अशीच घटना घडल्यावर तेथे अशा उत्पादनांत आम्ल किंवा अन्य जंतुरोधक घटक घालणे आवश्यक ठरवण्यात आले. ज्या लसणाला जंतुनाशक म्हणून गौरवले जाते तोच येथे विषाचा वाहक ठरला. मांसाच्या लोणच्याची सुरक्षितता म्हणूनच त्यातील व्हिनेगर, मीठ आणि मांसाचा कोरडेपणा यांवर ठरते. हिंग, मेथी, मोहरी वा तेलाचा थर यांपैकी कोणीही त्यांची जागा घेऊ शकत नाही.

प्रयोगशाळा आणि पातेले यांतील अंतर

बाष्पनशील तेलांविषयीचे बरेचसे निष्कर्ष पोषक द्रवात वाढवलेल्या जंतूंवर आधारलेले असतात. मांसात तोच परिणाम साधण्यासाठी कित्येक पटींनी अधिक मात्रा लागते, कारण तेलातील संयुगे मांसाच्या मेदात विरघळतात आणि प्रथिनांना चिकटतात, तर जीवाणू प्रामुख्याने पाण्याच्या अंशात असतात. विजय जुनेजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली शिजवलेल्या बीफच्या खिम्यात कार्व्हॅक्रॉल, सिनॅमाल्डिहाइड, थायमॉल व ओरेगॅनो तेल यांची ०.१ ते २ टक्के मात्रांत चाचणी घेतली. मांस हळूहळू थंड होत असताना पर्फ्रिंजेन्सची वाढ रोखता येते का, हे त्यांना पाहायचे होते. वाढ रोखता आली आणि सिनॅमाल्डिहाइड त्यांत सर्वांत प्रभावी ठरले. मात्र एक किलो खिम्यात पाच ते वीस ग्रॅम शुद्ध बाष्पनशील तेल घातल्यास तो खाण्याजोगा राहणे कठीण आहे. त्यामुळे असे घटक थोड्या मात्रेत, थंडावा, आम्ल, मीठ व निर्वात वेष्टन यांच्या जोडीने वापरण्याकडे उद्योगाचा कल आहे. अनेक लहान अडथळे एकत्र रचून जंतूंची वाट अडवण्याच्या या तत्त्वाला अन्नविज्ञानात ‘अडथळा तंत्र’ म्हटले जाते.

साठवणीत निर्णायक घटक अखेर तापमान हाच राहतो. अमेरिकेच्या अन्नसंहितेनुसार शिजवलेले अन्न ५७ अंशांवरून २१ अंश सेल्सियसपर्यंत दोन तासांत आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढील चार तासांत थंड व्हावे लागते. खोल पातेल्यात हे घडत नाही. मांस उथळ भांड्यांत पसरवून किंवा पातेले गार पाण्यात ठेवून ते साधता येते. फ्रिजमध्ये ठेवलेले शिजवलेले मांस सामान्यतः तीन ते चार दिवसांत संपवावे, असा सल्ला दिला जातो. मसालेदार रश्शाला ही मुदत लागू नाही, असे मानण्यास प्रायोगिक आधार नाही. पुन्हा उकळल्याने सर्व दोष जातात हा समजही अपुरा आहे. बोट्युलिनमचे विष उकळण्याने नष्ट होते, तर बॅसिलस सिरियसचे उलटी घडवणारे विष त्या उष्णतेत टिकून राहते.

येथे वनस्पतिजन्य परिरक्षणाचा एक कमी चर्चिला जाणारा धोका लक्षात घ्यावा लागतो. खवट वास हा खाणाऱ्याला मिळणारा इशारा असतो. तो जंतूंचा निदर्शक नसला तरी पदार्थ जुना झाल्याचे त्यावरून कळते. मसाल्यांनी तो वास रोखला वा झाकला आणि साठवण मात्र उबदार जागी झाली, तर पदार्थ ताजा वाटत असतानाच धोकादायक होऊ शकतो. रोगकारक जंतूंच्या वाढीने मांसाला वास येतोच असे नाही.

सेलरी आणि ‘नैसर्गिक’ हे विशेषण

हॅम, सॉसेज यांसारख्या पदार्थांत सोडियम नायट्राइट घालण्याची पद्धत जुनी आहे. त्याने गुलाबी रंग टिकतो, खवटपणा कमी होतो आणि बोट्युलिनमला आळा बसतो. या रसायनाला पर्याय म्हणून सेलरी या भाजीची पूड पुढे आली. सेलरीत नायट्रेट भरपूर असते व स्टॅफिलोकॉकस कार्नोसससारख्या निरुपद्रवी जीवाणूंच्या साहाय्याने त्याचे नायट्राइट बनवले जाते. मांसात पोहोचणारा रेणू दोन्ही मार्गांनी एकच असतो. तरीही अमेरिकेत अशा उत्पादनांच्या वेष्टनावर, त्यात नायट्राइट वेगळे घातलेले नाही, अशा आशयाचा मजकूर दिसत आला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. नायट्राइट भाजीतून आले म्हणून या वर्गीकरणातून सुटका होत नाही. शिवाय सेलरी आणि मोहरी यांची काही व्यक्तींना तीव्र ॲलर्जी असते आणि युरोपीय महासंघात वेष्टनावर त्यांचा उल्लेख अनिवार्य आहे.

मसाल्यांच्या उगमाविषयीचे मतभेद

उष्ण प्रदेशांतील लोक मसाले अधिक का खातात, या प्रश्नाला जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन यांनी १९९८ मध्ये एक आकर्षक उत्तर दिले. ३६ देशांतील मांसाहारी पाककृतींची ९३ पुस्तके व त्यांतील ४,५७८ पाककृती तपासून त्यांनी असे मांडले की, जेथे अन्न लवकर नासते तेथे जंतुरोधक मसाल्यांचा वापर वाढत गेला. हे मत लोकप्रिय झाले आणि भारतीय मसाल्यांवरील लेखनात ते आजही सिद्ध सत्याप्रमाणे उद्धृत केले जाते. लिंडेल ब्रोमहॅम व सहकाऱ्यांनी २०२१ साली ७० पाकपरंपरांतील ३३,७५० पाककृतींच्या आधारे त्याची फेरतपासणी केली. शेजारच्या संस्कृतींतील साम्य आणि आर्थिक स्थितीसारखे घटक विचारात घेतल्यावर अन्नातून होणाऱ्या संसर्गापासून बचाव हे कारण त्यांना पुरेसे आढळले नाही.

मध्ययुगीन युरोपात नासलेल्या मांसाची दुर्गंधी लपवण्यासाठी मसाले वापरत, ही दंतकथा इतिहासकारांनी नाकारली आहे. पॉल फ्रीडमन यांनी २००८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे मसाले ताज्या मांसापेक्षा कितीतरी महाग होते. ज्याला मिरी व लवंग परवडत असे, त्याला ताजे मांस सहज परवडत असे.

मसाल्यांची स्वतःची शुद्धता

मसाले उघड्यावर वाळवले जातात. त्यामुळे माती, धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांवाटे त्यांत जीवाणूंचे बीजाणू व साल्मोनेला येऊ शकतात. कोरड्या मिऱ्यात हे जंतू वाढत नसले तरी दीर्घकाळ जिवंत राहतात. अमेरिकेत २००९–१० मध्ये मिरी व लाल मिरचीचे आवरण दिलेल्या, थेट खाण्याच्या सॉसेजमधून साल्मोनेलाची साथ पसरली व तीत ४४ राज्यांतील २७२ जणांना लागण झाली. दूषितता मांसातून नव्हे, तर मसाल्यातून आली होती. शिजवण्यापूर्वी घातलेल्या मसाल्यातील साल्मोनेला उष्णतेने मरतो. शिजल्यानंतर वरून घातलेल्या मसाल्याला ही संधी मिळत नाही. उद्योगात यासाठी वाफेची प्रक्रिया किंवा गॅमा किरणांचा वापर केला जातो. भारतात मसाल्यांच्या किरणन प्रक्रियेसाठी नवी मुंबईतील वाशी येथे २००० सालापासून सरकारी प्रकल्प कार्यरत आहे.